आधी वजन, मग उंची: एका टॅकोमाच्या सस्पेन्शनचं प्रकरण

गाडी २०१९ ची टोयोटा टॅकोमा. डबल कॅब, टीआरडी ऑफ-रोड, ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह. मालक माझा भाचा, राहणार कोलोरॅडोत डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोराला. आठवडाभर ऑफिस, किराणा, मुलीची शाळा. उन्हाळ्यात मात्र जमेल तेव्हा सॅन वॉन डोंगरांत मुक्काम. यूरे, सिल्व्हर्टन आणि लेक सिटी ही गावं जोडणारे जुने खाणरस्ते आहेत, त्यांना आता अल्पाइन लूप म्हणतात. त्यावरच्या एंजिनिअर आणि सिनॅमन या दोन्ही खिंडी १२,००० फुटांच्या वर आहेत.

त्याची मागणी साधी होती. "मामा, पुढून दोन इंच उचलायची. नाक खाली दिसतं, ते सरळ झालं की बस." अमेरिकेत पिकअप घेणाऱ्या निम्म्या लोकांची पहिली मागणी हीच असते आणि त्यासाठी लेव्हलिंग किट नावाचा स्वस्त माल कुठेही मिळतो. पुढच्या शॉकच्या डोक्यावर बसवायच्या दोन जाड चकत्या, तासा-दोन तासांचं काम. पण भाच्याच्या गाडीत तोच माल बसवला असता, तर ज्या दिवसांसाठी तो हे सगळं करत होता नेमक्या त्याच दिवसांत गाडी बिघडलेली वाटली असती. तसं का झालं असतं आणि त्याऐवजी आम्ही काय निवडलं, त्याची ही हकीकत.

वजनकाट्यावर

पिकअप कारखान्यातून शेपूट वर ठेवूनच येते. मागे माल भरला की ती खाली बसावी आणि गाडी सरळ व्हावी, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे रिकाम्या पिकअपचं खाली दिसणारं नाक हा दोष नव्हे, ती पुढे येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ती जागा काढून टाकायची की नाही, हे ओझं किती येणार यावर ठरतं. म्हणून कुठलाही भाग मागवण्याआधी मी भाच्याला गाडी घेऊन काट्यावर पाठवलं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, थोडक्या पैशांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतात.

पहिली चिठ्ठी रिकाम्या गाडीची, टाकी भरलेली आणि आत फक्त तो: पुढे २,६२० पौंड, मागे १,९९५. दुसरी चिठ्ठी सहलीच्या सामानासकट. हौद्यावर फायबरची टोपी, तिच्यावर छतावरचा तंबू, आत फ्रीज, सात गॅलन पाणी, शेगडी, खुर्च्या, हत्यारं, कपडे, शिवाय सूनबाई आणि नात. पुढे २,७३०, मागे २,६५३.

या चार आकड्यांतच सगळं प्रकरण आहे. एकूण ७६८ पौंड वाढले, त्यातले पुढच्या ॲक्सलवर फक्त ११० आणि मागच्यावर ६५८. पुढच्या स्प्रिंगांना ओझं वाढल्याचा पत्ताही लागत नाही. सगळा भार मागच्या पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर), आणि किट विकलं जातं ते पुढचं.

टॅकोमाच्या या व्ही-६ फोर-बाय-फोर मॉडेलचं कमाल एकूण वजन ५,६०० पौंड. भरलेली गाडी ५,३८३ वर होती, म्हणजे मर्यादेत, पण फार मोकळीक नाही. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तिच्याबद्दल बरीच चुकीची समजूत आहे: पाटे, शॉक, स्प्रिंग काहीही जाड घातलं तरी दारावरच्या स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चासी सगळं तेच राहतं. कडक पाट्यांनी गाडी बसत नाही, म्हणून ओझं कमी वाटतं, एवढंच.

मग टेप घेऊन उंच्या मोजल्या. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, त्यात टायरमधली हवाही मोजली जाते. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजावं. रिकाम्या गाडीत पुढे २० इंच, मागे साडेएकवीस. सामान भरल्यावर पुढे पावणेवीस, मागे साडेएकोणीस. मागचं टोक दोन इंच खाली आलं होतं. चासीला पाणसळ लावून पाहिली, तर या गाडीत मागचा आकडा पुढच्यापेक्षा अर्धा इंच जास्त असतो तेव्हा चासी पाण्यात, म्हणजे समपातळीत येते, कारण दोन्ही मडगार्डांच्या कमानी सारख्या नाहीत. म्हणजे सहलीला निघालेली गाडी आधीच शेपटावर बसलेली होती. त्यात पुढून दोन इंच उचलली असती, तर हेडलाइट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत, स्टिअरिंग हलकं आणि घाट चढताना पुढच्या चाकांवरचा भार आणखी कमी.

हे आकडे कागदावर मांडल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे पुढून नाही, मागून उचलायची?" तर दोन्हीकडून, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. पुढे उंची हवी होती. मागे उंचीबरोबर ताकदही हवी होती.

पुढची बाजू: चकती, खाच की नवी स्प्रिंग

टॅकोमाच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, म्हणजे चाक चासीशी जोडणारे दांडे असतात. शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून जो खांब होतो तो खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत टेकतो. त्यामुळे खांबाच्या लांबीत जेवढा फरक पडेल, चाकाशी जवळपास त्याच्या दुप्पट पडतो. पाव इंचाची चकती म्हणजे अर्धा इंच उंची.

खांबाच्या डोक्यावरची चकती स्वस्त पडते, कारण खांब उघडावा लागत नाही. पण तिने शॉकचा वर-खाली हलण्याचा संपूर्ण पट्टाच खाली सरकतो. चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं, आणि तिथे ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वर-खाली होत असतानाही त्याला फिरवणारा सांधा) आणि वरच्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) कोन नको तितका तीव्र होतो. उलट चाक वर दाबलं जातं तेव्हा चासीवरचा रबरी ठोकळा लागण्याआधीच शॉक आतून तळाला आपटू शकतो. पाव इंचाने यातलं काही होत नाही. दोन इंच उंचीसाठी लागणाऱ्या इंचभर जाडीच्या चकतीने होतं.

दुसरा मार्ग शॉकवर स्प्रिंग जिथे टेकते ती बशी वर सरकवण्याचा. बिलस्टीनचे ५१०० शॉक याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. शॉकच्या अंगावर खाचा असतात, हव्या त्या खाचेत रिंग बसवली की बशी त्या उंचीवर राहते. इथे शॉकचा पट्टा जागचा हलत नाही, फक्त गाडी त्या पट्ट्यात जरा वर उभी राहते. चाकाला वर जायला जागा वाढते, खाली जायला तेवढीच घटते.

खाच वर घेतली की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि गाडी कडक होते, असं बहुतेक सगळे सांगतात. उभ्या गाडीत असं काही होत नाही. स्प्रिंगवर गाडीचं जेवढं वजन, तेवढीच ती दबते, मग बशी कुठल्याही खाचेत असो. लांब स्प्रिंग खालच्या खाचेत आणि आखूड स्प्रिंग वरच्या खाचेत, दोघींचा कडकपणा सारखा असेल तर गाडीला फरक कळणार नाही. कडक वाटतं त्याचं कारण वेगळं. सगळ्यात वरच्या, अडीच इंचाच्या आसपासच्या खाचेत चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, म्हणून प्रत्येक स्पीड ब्रेकर उतरताना शॉक पूर्ण ताणला जातो आणि हातात 'टक्' असा धक्का येतो. लोकांना त्रास देतो तो हा धक्का, आणि दोष मात्र स्प्रिंगला जातो.

तिसरा पर्याय नव्या, जास्त कडक स्प्रिंगांचा. ओल्ड मॅन एमू हा ऑस्ट्रेलियन एआरबी कंपनीचा ब्रँड, त्यांच्याकडे पुढच्या ओझ्याप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात: साध्या बंपरसाठी एक, लोखंडी बंपर आणि विंचसाठी (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) दुसरी. म्हणून भाच्याला मी स्पष्ट विचारलं, पुढे लोखंडी बंपर बसणार आहे का? "बघू पुढच्या वर्षी" हे उत्तर इथे चालत नाही. बंपर आणि विंच मिळून पुढच्या ॲक्सलवर सहज दीडशे-दोनशे पौंड वाढतात. ते गृहीत धरून स्प्रिंग घेतली आणि बंपर आलाच नाही, तर नाक आभाळाकडे राहतं आणि गाडी रोज उड्या मारते. त्याने दोन दिवस विचार केला आणि बंपर नको म्हणाला. गाडी अडकलीच तर चाकाखाली घालायच्या पट्ट्या पुरतील.

मग निर्णय सोपा झाला. पुढचं ओझं बदलत नाही, तर स्प्रिंग बदलायचं कारण नाही. कारखान्याच्याच स्प्रिंगा ठेवल्या, त्या बसलेल्या नव्हत्या. शॉक बिलस्टीन ५१००, बशी साधारण पावणेदोन इंच उचल देणाऱ्या खाचेत. ६० मिलिमीटर पिस्टनचे ६११२ घ्यावेत असा भाच्याचा आग्रह होता, ५१०० चा पिस्टन ४६ मिलिमीटरचा असतो. खडबडीत रस्त्यावर तासन् तास वेगाने पळणाऱ्या गाडीत मोठ्या पिस्टनचा आणि जास्त तेलाचा उपयोग होतो, शॉक तापून ढिला पडत नाही. खाणरस्त्यांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला तो खर्च नको. वाचलेले पैसे मागच्या बाजूला लागणार होते.

डाव्या बाजूचा किस्सा वेगळा. या गाड्या डावीकडे किंचित कललेल्या असतात. २१ गॅलनची टाकी डावीकडे, ड्रायव्हर डावीकडे. टाकी भरली की नुसतं पेट्रोलच १२५ पौंडांच्या वर जातं. आमच्या गाडीत फरक अर्धा इंच निघाला. डाव्या खांबाच्या डोक्यावर पाव इंचाची एकच चकती घातली, तो गेला.

मागची बाजू: पाटे

माझ्या मते या गाडीचा खरा निर्णय इथे होता. मागे जुन्या गठ्ठ्यात तीन पाटे आणि त्याखाली ओव्हरलोडचा जाड पाटा. ६५८ पौंडांनी, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२९ पौंडांनी, गाडी दोन इंच बसली. म्हणजे एका बाजूच्या गठ्ठ्याला इंचभर दाबायला साधारण १६५ पौंड लागतात. वजनकाटा आणि टेप यांच्यातून कुणालाही हा आकडा काढता येतो, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा. उंची मिळते, ताकद तीच राहते, भरलेली गाडी पूर्वीइतकीच बसते. शिवाय ॲक्सल पाट्यापासून दूर गेल्याने त्याला पाटा पिळायला जास्त तरफ मिळते. चढावर जोर दिला की पाटा पीळ खातो आणि सुटला की चाक थरथरतं. ठोकळा मी ताबडतोब बाद केला.

गठ्ठ्यात एक जादा पाटा सरकवणं हा पुष्कळ लोकांचा आवडता मार्ग. लांब पाटा असेल तर काम बरं होतं. आखूड, जाड पाटा असेल तर रिकाम्या गाडीत पाठीचे हाल होतात, कारण सगळा वाक त्याच्या टोकाशी येतो. हवेच्या पिशव्या ओझं रोज बदलणाऱ्यांसाठी उत्तम, ट्रेलर ओढणाऱ्यांनी जरूर घ्याव्यात. पण खाणरस्त्यावर चाक खूप खाली लोंबतं तेव्हा पिशवी ताणली जाते, आणि पाट्याची दोन टोकं जो भार चासीवर वाटून देतात तो पिशवी एकाच जागी टाकते. भाच्याच्या गाडीवर टोपी आणि तंबू मिळून ३०० पौंड पूर्ण उन्हाळाभर राहणार होते. कायमचं ओझं असलं की पूर्ण नवा गठ्ठा घ्यावा, हे माझं ठाम मत.

कोलोरॅडोतच, डेन्व्हरच्या पश्चिमेला ग्रँड जंक्शन इथे अल्कान स्प्रिंग हे पाटे बनवून देणारं दुकान आहे. तिथे वजन सांगून पाटे करून घेता येतात. आपल्याकडे ट्रान्सपोर्टनगरातला पाटेवाला मालकाला आधी विचारतो, "ऊस भरता की वाळू?" आणि मग वाक किती द्यायचा ते ठरवतो. तोच प्रश्न इथे फॉर्मवर असतो. आम्ही दोन्ही चिठ्ठ्यांचे आकडे दिले: कायमचं ओझं ३०० पौंड, सहलीला आणखी ३५८, आणि टोपी-तंबूसकट उंची जुन्या रिकाम्या गाडीपेक्षा दीड इंच जास्त. नवे पाटे बसवून मोजलं, तेव्हा प्रत्येक बाजूला इंचाला दोनशे पौंडांच्या आसपास हिशेब आला. सोबत मागचे शॉक नव्या उंचीला पुरतील अशा लांबीचे. आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे, जुने एकदा ताणलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत.

बसवताना

एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे, कारण ती चुकली की महागाचे भागही वाया जातात. आर्मच्या आणि पाट्याच्या टोकांना रबराचे बुश असतात. रबर बाहेरून नळीला आणि आतून लोखंडी बाहीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली बाही जागेवर घट्ट धरली जाते आणि त्यानंतर हालचाल होते ती फक्त रबराच्या पिळाने. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबर आधीच अर्धं पिळलेलं राहतं. गाडी अर्धा-पाऊण इंच जास्त उंच दिसते, चालताना कडक वाटते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट आधी हातसैल ठेवले, गाडी चाकांवर उभी केली, पुढचा आणि मागचा बंपर धरून जोरजोरात दाबली, आणि मगच टॉर्क रेंचने आवळले.

पुढच्या स्प्रिंगा उघडण्याचं काम घरी केलं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. स्प्रिंग दाबून धरायच्या भाड्याच्या दोन हुकांवर भरवसा ठेवू नये. खांब काढून दुकानात नेले आणि तिथल्या यंत्रावर बदलून आणले.

अलाइनमेंटसाठी पहिल्या दुकानाने टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) नीट लावला आणि गाडी परत दिली. हायवेवर ती भरकटत होती, स्टिअरिंग वळणातून आपणहून परत येत नव्हतं. कागद पाहिला तर कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल, डावीकडे १.३ अंश, उजवीकडे १.५. गाडी उचलली की कास्टर कमी होतो आणि चाकाची सरळ धावण्याची ओढ त्यावरच असते. टॅकोमात खालच्या आर्मला पुढे-मागे दोन कॅम बोल्ट असतात. दोन्ही नीट फिरवले तर बराचसा कास्टर परत मिळवता येतो, पण त्याला वेळ लागतो. दुसऱ्या ठिकाणी जाऊन आधीच सांगितलं: कॅम्बर (चाकाच्या डोक्याचा आत-बाहेर कल) शून्याजवळ, टो किंचित आत, आणि कास्टर मिळेल तेवढा जास्त. २.१ आणि २.४ मिळाला. उजवीकडे जरा जास्त ठेवल्याने रस्त्याच्या उताराकडे होणारी ओढही जिरली. हे जमलं नसतं तरच मी वरचे आर्म बदलायला सांगितले असते. या उंचीला ते लागतातच असं नाही.

डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) खाली घेणारे ठोकळेही घेतले नाहीत. पावणेदोन इंचाला सीव्हीचा कोन सोसण्यासारखा असतो. पण बूटच्या (सीव्हीवरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासतात का आणि आतल्या क्लिपेपाशी ग्रीस दिसतं का, हे तेल बदलताना दरवेळी बघायला सांगितलं आहे.

मागची बाजू उचलल्यावर सिग्नलवरून निघताना, अगदी कमी वेगात, बुडाखाली थरथर जाणवू लागली. डबल कॅबचा मागचा शाफ्ट (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा आहे, मध्ये लटकणारं बेअरिंग. ॲक्सल खाली गेला की दोन तुकड्यांतला कोन बदलतो. त्या बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये जाड वॉशर घालून ते किंचित खाली घेतलं, थरथर गेली. पुष्कळ लोक इथे घाबरून शाफ्ट बॅलन्स करायला धावतात, त्याआधी हे करून पाहावं.

हेडलाइट भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून नव्याने लावले, तेही सहलीचं सामान भरून. २०१८ पासून टॅकोमात काचेमागचा कॅमेरा आणि ग्रिलमधला रडार समोरच्या गाडीवर नजर ठेवतात. गाडीची ठेवण बदलली की त्यांचीही नजर तपासून घ्यावी लागते, ते डीलरकडे करून घेतलं.

काय मिळालं

टोपी-तंबूसकट, रोजच्या वापरात पुढे पावणेबावीस इंच, मागे तेवीस. सहलीला भरल्यावर पुढे २१.६, मागे २२.१. अर्ध्या इंचाचा फरक, चासी पाण्यात. आठवड्याच्या दिवसांत नाक अजूनही किंचित खाली असतं, आणि भाच्याला सुरुवातीला ते खटकलं. सहलीला निघालेल्या गाडीचा फोटो बाजूला ठेवल्यावर खटकणं थांबलं.

मागच्या डिफरन्शिअलची जमिनीपासूनची उंची या सगळ्याने सुताएवढीही वाढत नाही. सस्पेन्शन चासीला उचलतं, ॲक्सल टायरवर उभा असतो. म्हणून २६५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ घातले, टायरचा व्यास इंचभर वाढला आणि ॲक्सल अर्धा इंच वर गेला. ३३ इंची टायरांचा हट्ट त्याने सोडला. त्यासाठी केबिनच्या माउंटपाशी लोखंड कापावं लागतं आणि या रस्त्यांना त्याची गरज नाही.

महाराष्ट्रात व्ही-क्रॉस किंवा हायलक्स असणाऱ्यांनी मला हेच प्रश्न विचारले आहेत. दोन्ही गाड्यांना पुढे दोन आर्म आणि कॉइल, मागे पाटे, त्यामुळे मोजण्याची आणि निवडण्याची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. कायदा मात्र भारतात वेगळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला मालकावर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. तिथे आधी आरटीओत लेखी विचारावं, आणि बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं एवढ्यावरच थांबावं असं मी सांगतो.

भाच्याचं अजून एक काम बाकी आहे. पहिल्या ५०० मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, नवे पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात. आणि कधी विंचचं मनात आलंच, तर बंपर मागवण्याआधी पुन्हा काट्यावर जायचं, पुढच्या स्प्रिंगचा आकडा त्या चिठ्ठीवरून ठरेल.